कनेक्शन ओके आलं, पण कुणाशी?

जुलै लागला की सांगलीत सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर एकच गोष्ट बघितली जाते, आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती झालंय. ४० फूट इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरांना पण पाठ असतंय. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून पुढं किती जातंय, सगळं गाव त्या चार दिवसात इंजिनिअर होतं. माझ्या डोक्यात त्याच्या जोडीला अजून एक काळजी असते, एका पतसंस्थेचा सर्व्हर.

संस्थेचं नाव नको, पण मुख्य शाखा गावात आहे, नदीपासून फार लांब नाही, आणि सर्व्हर तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटाच्या वर गेलं तेव्हा ऐनवेळी मशीन खांद्यावर घालून बाहेर काढलं होतं. त्यानंतर ठरलं की पातळी ३५ च्या पुढं सरकायला लागली की वाट बघत बसायचं नाही, सर्व्हर उचलायचा आणि विश्रामबागच्या शाखेत वरच्या मजल्यावर नेऊन लावायचा. उचलायला काही नाही ओ, एक मशीन, एक यूपीएस, बॅकअपची हार्ड डिस्क, गाडीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून दहा पंधरा मिनिटात पोचतं. अवघड असतं ते पुढचं. जागा बदलली की नेटवर्क बदललं, आयपी म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता बदलला, आणि मग तासगाव, पलूस, विटा, आष्टा, मिरज ह्या शाखांमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरवरून सर्व्हरवरच्या डेटाबेसला, म्हणजे जिथं सगळ्या नोंदी असतात तिथं, कनेक्शन होतंय का नाही हे सकाळी दहाच्या आत सांगायचं, कारण दहाला शटर वर जातं आणि पिग्मीवाले, पगारवाले, द्राक्षाचं पेमेंट आलेले शेतकरी सगळे काउंटरला उभे राहतात.

ह्या एका कामासाठी मी जावामध्ये एक छोटं कमांड लाइनचं टूल लिहिलंय. नाव 'तपास'. काळ्या स्क्रीनवर चालतं, दोन जार फाइल (जावाचा कोड बांधून ठेवलेल्या) आणि एक बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेली), बास. आज त्याच्याबद्दल लिहायचंय कारण गेल्या काही वर्षात ह्या दोनशे ओळींनी मला जे शिकवलं ते मोठ्या मोठ्या प्रोजेक्टनी नाही शिकवलं.

आधी काय व्हायचं ते सांगते. संस्थेचं सॉफ्टवेअर जुनं, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं, आणि त्यात काहीही बिघडलं तरी एकच डबा उघडायचा, 'डेटाबेसशी संपर्क होत नाही, ॲडमिनला भेटा'. पासवर्ड चुकला तरी तेच, नेट गेलं तरी तेच, सर्व्हर बंद असला तरी तेच. आत खरा एक्सेप्शन, म्हणजे काय बिघडलं ते सांगणारा एरर, आलेला असायचा पण तो पकडून गिळून टाकलेला, लॉगमध्ये सुद्धा नाही. मग शाखेतनं फोन यायचा, "ताई, तेच आलंय परत", आणि मी विचारणार नेट चालू आहे का, ते म्हणणार व्हॉट्सॲप चालतंय की, मग नेटवर्कवाल्याला फोन, तो म्हणणार आमच्याकडनं पिंग जातंय, सॉफ्टवेअर बघा. असा अर्धा अर्धा तास जायचा आणि काउंटरसमोर माणसं ताटकळत.

पिंग जातंय हे उत्तर मला अजून ऐकवत नाही. पिंग म्हणजे मशीन जिवंत आहे एवढंच. डेटाबेस बसलेला असतो पोर्टवर, म्हणजे मशीनच्या एका नंबरच्या दारावर, आणि प्रत्येक डेटाबेसचा नंबर वेगळा, मायएसक्यूएल (आमचा हाच) ३३०६, पोस्टग्रेस ५४३२, ओरॅकल १५२१, एसक्यूएल सर्व्हर १४३३. पिंग पोर्टपर्यंत जातच नाही. आणि उलटं पण असतं, बऱ्याच ठिकाणी पिंग मुद्दाम बंद केलेलं असतं आणि डेटाबेस मात्र मस्त चालू असतो. त्यामुळं पिंगवरनं हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही.

म्हणून तपास काय करतं, तर एकदम लॉगिन करायला जात नाही, पायरी पायरीनं जातं आणि प्रत्येक पायरीला एक ओळ छापतं. आधी दिलेल्या नावाचा आयपी काय निघतो ते दाखवतं. मग त्या आयपीच्या पोर्टवर नुसतं सॉकेट उघडून, म्हणजे लॉगिन न करता जोडून, बघतं. मग जेडीबीसीनं, म्हणजे जावाच्या डेटाबेसशी बोलायच्या सोयीनं, युजर पासवर्ड देऊन खरं कनेक्शन मागतं. आणि मग त्या कनेक्शनवर एक दोन क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न. कुठल्या पायरीला अडकलं ते कळलं की कुणाला फोन करायचा ते पण कळतं. नावालाच अडकलं तर नावावरनं आयपी जिथनं मिळतो ती शाखेतली होस्ट फाइल नाहीतर डीएनएस बघायचं. पोर्टला अडकलं तर त्यात पण दोन प्रकार, आणि हा फरक ज्याला कळला त्याचं निम्मं काम झालं म्हणून समजा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं तर माणूस दारात आला, बेल वाजवली आणि आतनं कुणीतरी सांगितलं की ते इथं राहत नाहीत, म्हणजे मशीन गाठलं पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, बहुतेक मायएसक्यूएल सुरूच झालेलं नाही किंवा फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरनं आलेलं, ऐकतंय. आणि काहीच न येता नुसतं थांबून राहिलं आणि मग 'टाइम्ड आउट' आलं तर मधे कुठंतरी फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) आपण पाठवलेली पाकिटं गिळतंय किंवा त्या आयपीवर कुणीच नाही. पहिल्यात फोन सर्व्हरजवळ बसलेल्या माणसाला, दुसऱ्यात नेटवर्कवाल्याला.

टाइमआउटवर मी जास्तच भर देते कारण त्यात मी स्वतः पोळलेय. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये (जावा आणि डेटाबेसमधला दुभाष्या) कनेक्ट टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची ते, तुम्ही दिला नाही तर तो शून्य असतो, म्हणजे ड्रायव्हर स्वतःहून हात सोडत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम कंटाळेपर्यंत थांबतो. विंडोजवर ते साधारण २१ सेकंद, लिनक्सवर दोन मिनिटाच्या वर. आता शाखेतल्या काकांच्या समोर स्क्रीन दोन मिनिटं गप्प बसली तर ते विंडो बंद करणारच आणि परत चालवणार, मग मला सांगणार की काहीच येत नाही. टाइमआउट देताना अजून एक खड्डा, मायएसक्यूएलला तो मिलिसेकंदात द्यायचा आणि पोस्टग्रेसला त्याच नावाची सेटिंग सेकंदात. पाच सेकंद म्हणून मायएसक्यूएलला नुसतं ५ लिहिलं तर पाच मिलिसेकंदात विट्याचं कनेक्शन काय होणार, सगळ्या शाखा एकदम फेल दिसतात. परत कनेक्शन जिवंत आहे का बघणारं जावाचं 'इज व्हॅलिड' सेकंद घेतं. मी युटिलिटीत सगळीकडं सेकंदच घेते आणि ड्रायव्हरला देताना आत रूपांतर करते, म्हणजे वापरणाऱ्याला विचार करायला नको.

आता एरर वाचायचं. जेडीबीसीचा एसक्यूएल एक्सेप्शन नुसता मेसेज घेऊन येत नाही, त्याच्याकडं एसक्यूएल स्टेट असतं, एरर कोड असतो, आणि पोटात अजून एक कारण असतं, त्या कारणाच्या पोटात अजून एक. मायएसक्यूएलला न पोचता आलं तर वरचा मेसेज कायम एकच, 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर', स्टेट ०८एस०१, त्याच्यावरनं काहीच कळत नाही. खरं काय ते तळाशी, रिफ्यूज्ड का टाइमआउट का अननोन होस्ट. म्हणून तपास ती साखळी शेवटपर्यंत उलगडून एकाखाली एक छापतं. पहिली ओळ छापून थांबणारं टूल म्हणजे दवाखान्यात पेशंट आजारी आहे एवढंच लिहून देणारा रिपोर्ट.

लॉगिनला अडकलं तर मायएसक्यूएल खरं तर फार मोकळेपणानं बोलतं, आपणच ऐकत नाही. १०४५ ॲक्सेस डिनाइड आलं की त्या ओळीत युजरचं नाव, त्याच्यापुढं ॲटच्या चिन्हानंतर आयपी आणि शेवटी कंसात 'युझिंग पासवर्ड' होय का नाही हे लिहिलेलं असतं. तो आयपी आपल्याला वाटतो तो नसतो, सर्व्हरला आपण कुठनं आलेले दिसलो तो असतो. विश्रामबागला पहिल्यांदा सर्व्हर हलवला तेव्हा सगळ्या शाखा व्हीपीएनमधनं (इंटरनेटवरचं खाजगी नेटवर्क) वेगळ्याच आयपीनं येताना दिसत होत्या, आणि मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नुसतं नाव नाही, नाव आणि कुठनं येणार हे दोन्ही मिळून एक युजर होतो. जुन्या रेंजलाच परवानगी होती. पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, तरी नाही. आम्ही तासभर पासवर्ड बदलत बसलो होतो आणि उत्तर त्या ओळीत पहिल्या मिनिटापासून लिहिलेलं होतं. आणि 'युझिंग पासवर्ड नो' दिसलं तर समजायचं पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही, कॉन्फिग फाइल भलतीच वाचली जातेय. ११३० आलं तर त्या होस्टला कुठल्याच युजरनं दार उघडलेलं नाही.

पासवर्ड कमांडमध्ये लिहायचा नाही हे मी सगळ्यांना घसा कोरडा करून सांगते. लिनक्सवर तो प्रोसेसच्या यादीत दुसऱ्याला दिसू शकतो, कमांडच्या हिस्टरीत राहतो, आणि शाखेत तर बॅच फाइलमध्ये तसाच पडून राहणार. जावात कन्सोलवरनं पासवर्ड न दिसता घ्यायची सोय २००६ च्या जावा ६ पासून आहे, तीच वापरायची. फक्त एडिटरमधनं चालवलं तर बऱ्याचदा ते कन्सोल नल, म्हणजे रिकामं, येतं, म्हणून तपासताना खऱ्या काळ्या स्क्रीनवरच तपासायचं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. टेस्ट तिथनंच करायची जिथं मोडलंय. त्याच कॉम्प्युटरवरनं, त्याच विंडोज युजरनं, त्याच जावानं, आणि त्याच ड्रायव्हर जारनं. माझ्या लॅपटॉपवरनं कनेक्ट होतंय ह्याला काडीची किंमत नाही. मी आधी तपासबरोबर माझा नवा ड्रायव्हर द्यायचे, तर पलूसला तपास म्हणतं ओके आणि सॉफ्टवेअर म्हणतं ॲडमिनला भेटा. कारण काय, सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये ५.१ चा जुना ड्रायव्हर होता आणि मायएसक्यूएल ८ नं पासवर्ड तपासायची डिफॉल्ट पद्धत बदललेली, ती त्या जुन्या ड्रायव्हरला येतच नव्हती. तेव्हापासून तपास ड्रायव्हर स्वतः आणत नाही, सॉफ्टवेअरच्या लिब फोल्डरमधला उचलतं, आणि पहिल्या ओळीत कुठला जावा, कुठला ड्रायव्हर, कितवं व्हर्जन हे छापतं. हे करताना एक गाठ लक्षात ठेवा, जावाला डॅश जार देऊन चालवलं की बाजूला दिलेला क्लासपाथ, म्हणजे जार कुठं शोधायच्या ती यादी, ते बघतच नाही, आणि मग 'नो सुटेबल ड्रायव्हर' येतं आणि माणूस युआरएलचं स्पेलिंग तपासत बसतो. क्लासपाथ आणि मेन क्लासचं नाव देऊन चालवायचं. विंडोजवर दोन जारमध्ये अर्धविराम, लिनक्सवर कोलन.

जावाचं व्हर्जन पण तसंच. दुसऱ्या एका ठिकाणी रात्री जावा आपोआप अपडेट झाला आणि सकाळी कनेक्शन बंद. एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून जावानं जुनं टीएलएस (कनेक्शन सुरक्षित करायची पद्धत), १.० आणि १.१, डिफॉल्टला बंद केलं, आणि तिथलं जुनं मायएसक्यूएल तेवढंच बोलत होतं. कुणी काहीच बदललं नाही असं सगळे शपथेवर सांगत होते आणि ते खरंच सांगत होते.

एक चूक माझी पण लिहिते, कारण ती दुसरं कुणीही करेल. एका पावसाळ्यात मिरज शाखेचं नेट सारखं जात येत होतं, म्हणून मी तपासची फक्त पोर्टची पायरी रात्रभर लूपमध्ये लावून ठेवली, दर दहा सेकंदाला सॉकेट उघडायचं आणि बंद करायचं. सकाळी मिरजेचं सगळंच बंद, एरर ११२९, तुमचा होस्ट ब्लॉक केलाय. मायएसक्यूएलच्या बाजूनं बघितलं तर कुणीतरी सारखं दार वाजवून नाव न सांगता पळून जातंय. असं लागोपाठ १०० वेळा झालं आणि मधे एकही नीट लॉगिन झालं नाही की डिफॉल्टनुसार ते त्या होस्टला बंद करतं. फ्लश होस्ट्स केल्यावर सुरू झालं, पण सकाळचे वीस मिनिटं गेले, आणि ते माझ्यामुळं गेले. आता लूपमध्ये चालवायचं तर पूर्ण लॉगिन करून, एक क्वेरी टाकून, नीट बंद करूनच.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं टूल पूर्ण झालं. मग २०२१ चा जुलै आला.

पाणी परत चढत होतं, आम्ही संध्याकाळीच सर्व्हर हलवला, रात्री नवीन आयपी सगळ्या शाखांना दिला, सकाळी साडेनऊला एकेका शाखेत तपास चालवलं. सगळीकडं ओके. मी निवांत झाले. साडेअकराला तासगावचे काका फोनवर, "ओ ताई, ओके आलं होतं बघा, चालू पण आहे, पण ह्या बाईंचं कालचं विड्रॉल दिसंना झालंय."

माझ्या पोटात गोळाच आला. मुख्य शाखेत वरच्या मजल्यावर एक राखीव मशीन असायचं, त्यावर परवा रात्रीचा बॅकअप चढवलेला. सर्व्हर गेल्यावर तिथल्या कुणीतरी जुने रिपोर्ट बघता यावेत म्हणून त्या मशीनला सर्व्हरचाच जुना आयपी दिला, चांगल्या मनानं दिला. आणि तासगावच्या त्या कॉम्प्युटरवर होस्ट फाइलमध्ये जुना आयपी राहिलेला. नाव निघालं, पोर्ट उघडं, युजर पासवर्ड तोच कारण कॉपीच आहे, क्वेरी चालली. चारी पायऱ्या हिरव्या. कनेक्शन अगदी खरं होतं, फक्त चुकीच्या डेटाबेसशी. दीड तासात तिथं सतरा नोंदी झाल्या होत्या. दुपारी व्हाउचर समोर ठेवून एक एक नोंद खऱ्या सर्व्हरवर परत केली, काका वाचत होते आणि मी टाइप करत होते, आणि त्या बाई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन तोपर्यंत बसून राहिल्या होत्या. त्यांचे पैसे कुठं गेले नव्हते पण त्यांना ते कोण सांगणार आणि त्यांनी का ऐकायचं.

खरं म्हणजे तपासनं पहिल्याच पायरीला नावाचा निघालेला आयपी छापला होता. जुनाच होता. पण शेवटी ओके दिसल्यावर वरची ओळ कोण वाचतंय. म्हणून आता ओके हा शब्दच काढून टाकलाय. त्याऐवजी शेवटी काही गोष्टी छापल्या जातात. सर्व्हरचं स्वतःचं होस्टनेम, जे डेटाबेसलाच विचारून घेतलेलं असतं, आपण दिलेलं नाही. मी कोण म्हणून आलो आणि मायएसक्यूएलनं मला कुठल्या युजरमध्ये धरलं, हे दोन वेगळे असू शकतात. रीड ओन्ली, म्हणजे फक्त वाचायचं, लिहायचं नाही, हे चालू का बंद. आणि शेवटचा व्हाउचर नंबर, तारखेसकट. सर्व्हरचा युनिक आयडी पण मागता येतो, मी आधी तोच घेणार होते, पण डेटाचं अख्खं फोल्डर उचलून दुसरीकडं ठेवलं असेल तर तो आयडी पण कॉपी होऊन जातो, मग दोन मशीन एकाच आयडीची. व्हाउचर नंबर मात्र फसवत नाही, कारण चालू सर्व्हरवरचा नंबर कायम पुढं असतो. राखीव मशीन पण आता कायम रीड ओन्ली असतं, म्हणजे चुकून तिथं पोचलं तरी लिहिता येणार नाही. शाखेतल्या सॉफ्टवेअरच्या युजरला सुपरचे, म्हणजे ॲडमिनचे, अधिकार द्यायचे नाहीत, नाहीतर रीड ओन्ली त्याला अडवत नाही.

आणि एक्झिट कोड, म्हणजे टूल बंद होताना मागं ठेवतं तो आकडा. सगळं जमलं तर शून्य, नाव, पोर्ट, लॉगिन, क्वेरी प्रत्येकाला वेगळा आकडा, आणि रीड ओन्ली सापडलं तर त्याला पण वेगळा. बॅच फाइल तो आकडा बघते आणि शून्य नसेल तर सॉफ्टवेअर उघडूच देत नाही. काकांना पहिल्यांदा हे आवडलं नव्हतं, सकाळी सकाळी अडवतंय म्हणून. आता तेच बाकीच्यांना सांगतात.

गेल्या जुलैत परत हलवायची वेळ आली. रात्री पाऊस असा की गाडीच्या काचेवर वायपर पुरत नव्हता, सर्व्हर मागच्या सीटवर चादरीत, कॉलेज कॉर्नरला सिग्नल बंद. साडेदहाला विश्रामबागला लावून चालू केला आणि घरी गेले. सकाळी नऊ चाळीसला शाखेत बसून फोन स्पीकरवर ठेवला, समोर माझ्या स्क्रीनवर खरा नंबर. मिरज, आष्टा, पलूस, विटा झालं. शेवटी तासगाव.

"हां काका, वाचा."

"होस्टनेम मुख्य एक. रीड ओन्ली शून्य. शेवटचं व्हाउचर चार हजार एकशे बासष्ट, कालची तारीख."

माझ्याकडं पण ४१६२.

"उघडू का मग शटर?"

"उघडा."